दोघींची एकच चुकीची टाळी

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन म्हाताऱ्या राहतात. एक मी, दुसरी ती. मी तिला आंटी म्हणते, ती मला आंटी म्हणते. सिंगापुरात कोणत्याही वयस्क बाईला आंटीच म्हणतात, त्यामुळे नाव विचारायची गरज पडत नाही. पण आमचं यावरून रोज एकदा वाजतं. ती म्हणते, मी तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला सिस्टर म्हण. मी म्हणते, आधी तुझे दात बघ, मग माझे बघ.

ती चिनी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. बुकित बातोकच्या या ब्लॉकमध्ये ती पहिल्यापासून राहते. मी सहा वर्षांपूर्वी आले. माझे यजमान गेले आणि मुलगा म्हणाला, आता कोकणात एकटी काय करतेस. मुलगा जहाजावर इंजिनियर आहे, वर्षातला निम्मा काळ पाण्यावर. सून आंग मो किओला ऑफिसात जाते, नात शाळेत. म्हणजे एकटी राहू नये म्हणून मला आणली आणि दिवसभर घरात मी आणि वॉशिंग मशीन.

तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. माझं निम्मं नातीकडून आलंय आणि निम्मं लिफ्टमधून. दोघींचं जुळतं. जे शब्दांत बसत नाही ते हातांनी सांगतो.

एका मंगळवारी सकाळी ती चांगला झगा घालून माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कम. सिंगिंग."

मी म्हटलं, भांडी घासायची आहेत.

"भांडी पळून जात नाहीत," ती म्हणाली.

कम्युनिटी क्लबच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. जमीन लाकडी, एका भिंतीला आरसा. इतर दिवशी तिथे मुली नाच शिकतात. मंगळवारी सकाळी तिथे वीसेक म्हाताऱ्या आणि तीन म्हातारे गॉस्पेल शिकायचे. अमेरिकेत आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी त्यांच्या देवासाठी जी गाणी केली, ती ही, असं मला सुनेने नंतर समजावलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की देवाचं गाणं आहे. म्हणून मी चपला दाराबाहेर काढल्या. आत बाकी सगळे बूट घालून उभे होते.

शिकवणारी साठीची. उंच, भरल्या अंगाची, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ बेटं आहेत, त्यातल्या एका बेटावरची. नवऱ्याच्या बंदरातल्या नोकरीमुळे इथे आलेली. शाळेत शिकवणारीला आमच्याकडे बाई म्हणतात, म्हणून मी तिला "बाई" अशी हाक मारली. तिने हसून हात हलवला आणि म्हणाली, "बाय-बाय, मदर. सी यू नेक्स्ट ट्यूजडे." मी पिण्याचं पाणी कुठे आहे ते विचारणार होते. पुढे तीन मंगळवार हे असंच चाललं. मी हाक मारली की ती मला निरोप द्यायची. शेवटी नातीला सोबत नेऊन खुलासा करावा लागला. तेव्हा बाई भिंतीला टेकून हसल्या.

मला त्या मदर म्हणायच्या. त्यांच्या चर्चमध्ये जुन्या बायकांना मदर म्हणतात आणि पुढच्या रांगेत बसवतात. मला ते पटलं. आंटीपेक्षा वजनदार आहे.

आमच्यात एक निवृत्त शाळामास्तरीण होती, चष्मा दोरीला बांधलेली. तिने पहिल्याच दिवशी गाण्याचा कागद मागितला. बाई म्हणाल्या, कागद नाही. माझ्या आजीच्या आजीला लिहायला-वाचायला शिकणं हा गुन्हा होता. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची, असंच हे गाणं माझ्यापर्यंत आलं. तुमच्यापर्यंतही तसंच येईल.

मास्तरीणबाईंचं तोंड पडलं. मला मात्र एका फटक्यात समजलं. माझी चौथी झाली आणि शाळा सुटली, पण गौरीची चाळीस-पन्नास गाणी मला येतात आणि त्यातलं एकही मी वाचलेलं नाही. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. हेच की.

मुलाने जहाजावरून फोन केला तेव्हा नातीने त्याला ही बातमी दिली. तो म्हणाला, "आई, बाटवतील तुला."

मी म्हटलं, "या वयात मला बाटवून कोणाच्या पदरात काय पडणार आहे?"

सून म्हणाली, "आई, तुम्हाला आवडतंय ना? मग जा तुम्ही." तिला मी घराबाहेर पडलेली हवीच होती. मी तिच्या जागी असते तर मलाही हवी असती.

बाईंनी त्याबद्दल एकदाच सांगितलं होतं. ज्याला म्हणायचं त्याला म्हणा, पण खोटं म्हणू नका. गाण्यात नदी होती आणि नदीपलीकडे घर होतं. मी आमच्या गावच्या देवीला म्हणायची. देवीला नदी चालते.

आता कानाची गोष्ट.

दोन महिने झाले असतील. एका दुपारी कॉरिडॉरमध्ये शिट्टी ऐकू आली. चहाच्या किटलीची शिट्टी, थांबेचना. मी बाहेर आले. आंटीचं दार उघडं होतं, पुढचं लोखंडी फाटक नुसतं लोटलेलं. आत ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पेपर वाचत होती. किटली तिच्यापासून दोन हातांवर किंचाळत होती. मी आत जाऊन गॅस बंद केला. तेव्हा तिने मान वर केली.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिनेच उजव्या कानाला हात लावला आणि म्हणाली, "धिस वन फिनिश." मग डावा दाखवला. "धिस वन लिटल बिट."

"किती दिवस?"

दोन बोटं दाखवली. दोन वर्षं.

मी विचारलं, मग गातेस कशी? तिने माझं कोपर धरलं. गाताना ती माझ्या उजव्या बाजूला अगदी खेटून उभी राहायची आणि कोपर धरायची. मला वाटायचं, तोल जातो म्हणून धरते. ती माझ्या हातातून ठेका घेत होती. सूर माझ्या बरगड्यांतून घेत होती. माझा आवाज मोठा आहे, लिफ्टमधून ऐकू येतो, असं तीच म्हणाली. म्हणून मला नेलं होतं. मी आपली समजत होते, शेजारधर्म म्हणून नेलं.

मी म्हटलं, कानाचं मशीन लाव. ती नाही म्हणाली. मशीन सगळ्यांना दिसतं.

मग तिने एका अंकलची हकीकत सांगितली. या बाई यायच्या आधी क्लबात दुसरा गाण्याचा वर्ग होता. त्यात एक जाड आवाजाचा अंकल होता. त्याचे कान गेले, तसा तो भलत्याच सुरात जायला लागला. त्याला कोणी काढलं नाही. गाण्याऐवजी पाण्याच्या बाटल्या वाटायचं काम दिलं, आणि त्या दिवशी त्याच्यासाठी टाळ्याही वाजवल्या. तो दोन महिने बाटल्या वाटायला आला आणि मग यायचा बंद झाला.

"मी बाटल्या वाटणार नाही," ती म्हणाली. "गाणं गेलं तर मंगळवार गेला. मंगळवार गेला तर सगळे वार सारखे. तू कोणाला सांगायचं नाही."

मी कोणाला सांगणार नाही म्हटलं.

अडचण अशी की तिने ज्या हातावर भरवसा ठेवला होता, तो हातच चुकत होता.

माझे वडील गावच्या भजनात झांज वाजवायचे. मी त्यांच्या मांडीला टेकून ते ऐकत वाढले. आमच्याकडे टाळी समेवर पडते. पहिल्या मात्रेवर. ती चुकली तर बुवा गाता गाता मान वळवून बघतात, आणि ती नजर पुढच्या भजनापर्यंत पुरते. बाईंच्या गाण्यात चार मोजायचे आणि टाळी दोनवर आणि चारवर. जिथे आमचा हात मोकळा सुटतो, नेमकी तिथे. सगळी खोली दोनवर टाळी वाजवायची आणि मी एकवर. माझं कोपर धरून आंटीही एकवर. अगदी एकत्र.

एके दिवशी बाईंनी गाणं थांबवलं. "दुसऱ्या रांगेतल्या दोन मदर. तुमचं दोघींचं फार छान जुळलंय. पण तुम्ही आमच्याबरोबर नाही आहात."

सगळे हसले. मीही हसले. आंटी सगळ्यांचे चेहरे बघून मग हसली, जरा उशिरा. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला ते आवडलं नाही.

मी घरी स्वयंपाकघरात सराव सुरू केला. नात अकरा वर्षांची, इथल्या मुलांसारखी वाक्याच्या शेवटी लाह लावते. ती म्हणाली, "आजी, यू टू अर्ली लाह. नॉट वन. टू अँड फोर."

मी म्हटलं, "एक सोडून दोनला टाळी द्यायची म्हणजे नवरदेव सोडून करवल्याच्या गळ्यात हार."

"व्हॉट इज करवला?"

तिला ते समजावण्यात संध्याकाळ गेली. टाळी जिथल्या तिथेच राहिली. हात म्हणजे जनावर आहे, लहानपणी लागलेली वाट सोडत नाही.

शेवटी मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मदर, तुमचा पहिला ठोका चुकीचा नाही, फक्त तो हाताचा नाही. तो पायाला देऊन टाका. मी तसं केलं. एकवर पाऊल आपटायचं, म्हणजे सम पायात जाते आणि हात मोकळा होतो. मग हात आपोआप दोनवर येतो. तीन आठवडे लागले. मी सुधारले तशी आंटीही सुधारली. बाईंनी दुसऱ्या रांगेकडे बघून मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

मग मला ताप आला. सुनेने मला मंगळवारी बाहेर सोडलं नाही. आंटी एकटी गेली.

तिथे काय झालं ते मला मास्तरीणबाईंनी बाजारात मासळीच्या ओट्यापाशी सांगितलं. गाण्याच्या मध्ये बाईंनी सगळ्यांना थांबवलं. सगळे थांबले. आंटी थांबली नाही. तिला डोळे मिटून गायची सवय. शांत खोलीत ती एकटी दोन ओळी गायली. मग डोळे उघडले, सगळे बघतायत हे बघितलं, पिशवी उचलली आणि निघून गेली.

"सूर कसा होता?" मी विचारलं.

मास्तरीणबाईंनी ओठ मुडपले. "भयंकर."

त्यानंतर आंटीने दार उघडलं नाही. दोन मंगळवार गेले. मग मी दोन दिवस बेल वाजवली. आधी तिला बेल ऐकू येत नव्हती, आता ऐकायची नव्हती, बाहेरून दोन्ही सारखंच. तिसऱ्या दिवशी मी प्लास्टिकचं स्टूल घेतलं आणि तिच्या दारासमोर लसूण सोलत बसले. अकरा वाजता ती बाजाराची ट्रॉली घेऊन बाहेर आली.

"व्हॉट यू डूइंग?"

"लसूण."

"गो होम."

"मंगळवारी चल."

"फिनिश," ती म्हणाली. "बाटल्या तू वाट." आणि लिफ्टमध्ये शिरली.

मग मी शब्द मोडला. पुढच्या मंगळवारी वर्गाच्या अर्धा तास आधी जाऊन बाईंना सगळं सांगून टाकलं. कान, कोपर, किटली, बाटल्या. शब्द मोडला याचं मला वाईट वाटलं नाही. माझ्या शब्दाने ती घरात बसून राहिली असती, एवढाच त्याचा उपयोग होता.

बाई म्हणाल्या, "मदर, मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. मी बोलायला लागले की वीस जणींत तीच एकटी माझ्या तोंडाकडे बघते." मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तिला कानाचं गाणं शिकवत बसले. माझ्या आजीकडे त्याहून जुनं काहीतरी होतं."

त्या दिवशी वर्ग संपल्यावर बाई स्वतः आमच्या मजल्यावर आल्या. बेल वाजवून उपयोग नाही हे मी सांगितलं. आंटीचा फोन तिच्या ॲप्रनच्या खिशात असतो आणि तो थरथरतो, म्हणून मी फोन लावला. तिने दार उघडलं, बाईंना बघितलं आणि मग माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाई तिच्या अगदी समोर उभ्या राहिल्या, तोंड नीट दिसेल अशा. "सिस्टर, मला तुझे पाय पाहिजेत. आवाज आणायचा तर आण, नाही तर घरी ठेव."

आंटीने आपल्या पायांकडे बघितलं. पायांत स्लिपर होत्या, एक निळी, एक हिरवी.

ती पुढच्या मंगळवारी आली. पण माझ्याशी बोलत नव्हती.

त्या मंगळवारी बाईंनी झाडूचा दांडा आणला होता, झाडू काढून टाकलेला. त्यांच्या लोकांकडून मालकांनी ढोल काढून घेतले होते. ढोलाने माणसं जमतात आणि मालकाला ते नको असतं. मग त्यांनी काठी लाकडी जमिनीवर उभी आपटून ठेका धरला. जमीन कोणी काढून घेऊ शकलं नाही. काठी आपटायचं काम आमच्यातल्या एका निवृत्त बस ड्रायव्हरला दिलं. सगळ्यांना बूट-मोजे काढायला सांगितले. मी आधीपासूनच अनवाणी होते.

"नाउ वी शाउट," बाई म्हणाल्या.

शाउट हा शब्द मला पक्का येतो. नात रोज म्हणते, आजी, डोन्ट शाउट. मी पोटातून दम घेतला आणि ओरडले. इतकी की खालून क्लबचा माणूस वर आला, कोणी पडलं का बघायला. शाउट म्हणजे त्यांच्याकडे ओरडणं नव्हे. शाउट म्हणजे फेर धरून चालणं. पाय जमिनीवरून उचलायचा नाही, घासत न्यायचा, आणि पायावर पाय येऊ द्यायचा नाही. पाय उलटसुलट टाकले की तो नाच झाला, आणि देवाच्या घरात नाच चालत नाही, असं त्यांच्या आजीचं म्हणणं.

फेर तर मला येतो. गौरीपुढे मी पन्नास वर्षं धरलाय. मी पुढे झाले, डाव्या हाताला वळले, देव उजव्या अंगाला राहील अशी, आणि थेट मास्तरीणबाईंच्या अंगावर जाऊन आदळले. त्या समोरून येत होत्या. सगळेच समोरून येत होते. त्यांचा फेर उलटा.

मी थांबले. उलटा फेर आमच्याकडे कधी घालतात हे मला चांगलं माहीत आहे. यजमान गेले तेव्हा मुलाने खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन घातला होता. मी बाजूला झाले आणि म्हटलं, "नो. डेड पीपल."

बाईंनी काठी थांबवायला सांगितली नाही. माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, म्हणजे काय? मी हातांनी मडकं दाखवलं, चिता दाखवली, फेरा दाखवला. त्यांनी नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी आजी म्हणायची, फेर सुरू झाला की आपले गेलेले लोकही त्यात चालतात. उलटा का, ते तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही."

माझं समाधान झालं नव्हतं. गेलेल्या लोकांबरोबर मला एवढ्यात चालायचं नव्हतं. यजमान तसेही भराभर चालायचे, मागे वळून बघायचे नाहीत.

तेवढ्यात माझं लक्ष आंटीकडे गेलं. ती फेरात होती. अनवाणी. तिचं कोपर कोणाच्या हातात नव्हतं आणि कोणाचं कोपर तिच्या हातात नव्हतं. काठी जमिनीवर पडायची आणि त्याच क्षणी तिची टाच पडायची. लाकडातून ठोका तिच्या तळव्यात येत होता. ती कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. टाळी दोनवर, चारवर, माझ्याहून चोख.

मी उलटी वळले आणि तिच्या मागे जाऊन फेरात लागले. देवी समजूतदार आहे, आणि नसली तर भेटल्यावर सांगेन.

त्या दिवशी लिफ्टमध्ये ती माझ्याशी बोलली. "यू टॉक टू मच," म्हणाली. "आणि फेर चुकलीस."

वर्षाच्या शेवटी आमचा कार्यक्रम ठरला, ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर. तिथे लग्नंही होतात आणि मयतही ठेवतात. जागा चांगली, वारा येतो. पण खाली सिमेंट. सरावाला उतरलो तेव्हा बस ड्रायव्हरने काठी आपटली आणि नुसती टक अशी वाजली. आंटीने एक पाय उचलला, दुसरा टेकवला, पुन्हा पहिला. मग ती फेरातून बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. मी कार्यक्रमात नाही, म्हणाली. तुम्ही करा, मी बघते.

"बाटल्या वाटतेस का?" मी विचारलं.

मला वाटलं, चिडून उठेल. तिने पाय चपलांत घातले.

आमच्या दोन मजले खाली एका फ्लॅटचं दुरुस्तीकाम चालू होतं. मी तिथल्या मुकादमाकडे प्लायवुड मागितलं. फेर बसेल एवढं त्याच्याकडे नव्हतं. एक तुकडा दिला, जेवायच्या टेबलाएवढा. ड्रायव्हर आणि मी तो लिफ्टमधून उभा करून खाली आणला आणि दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवला. त्यावर काठी आपटली की धम्म वाजायचं. पण त्यावर उभं एकच माणूस राहू शकत होतं, आणि ते काठीवाल्यालाच राहायला हवं.

आम्ही त्या फळीकडे बघत उभे राहिलो. मग ड्रायव्हर, जो कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचा नाही, आंटीपाशी गेला आणि काठी तिच्या मांडीवर ठेवली. "तू तीस वर्षं हॉकर सेंटरमध्ये खाण्याच्या गाळ्यावर कोंबडी तोडलीस," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे जेवायचो. तुझा सुरा कधी मागेपुढे झाला नाही."

"दॅट वन चिकन," ती म्हणाली.

"सेम," तो म्हणाला आणि फेरात जाऊन उभा राहिला.

ती फळीवर चढली.

बाईंनी तिला एवढंच शिकवलं की माझ्याकडे बघायचं. हात वर केला की सुरू, हात खाली आला की बंद. मधलं सगळं तुझं. चार सराव झाले, एकदाही चुकली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बाई जांभळी टोपी घालून आल्या, ताटाएवढी. त्यांच्याकडे देवाच्या कामाला बोडक्या डोक्याने जात नाहीत. मी नऊवारी नेसले. ब्लॉकमधली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. सून सुट्टी काढून आली होती आणि नात पुढे जमिनीवर, फोन घेऊन.

बाईंचा हात वर गेला. काठी पडली. आम्ही फेर धरला. पहिल्या ओळीला मास्तरीणबाई अडखळल्या, तशा बाई म्हणाल्या, "टेक युअर टाइम, सिस्टर." त्यांच्या चर्चमध्ये असं म्हणतात, गाणाऱ्याला धीर द्यायला. मास्तरीणबाई सावरल्या. नदी आली, घर आलं, पाय घासत चालले. चांगलं चाललं होतं.

शेवटची ओळ झाली. बाईंचा हात खाली आला. आम्ही थांबलो.

काठी थांबली नाही.

आंटीने डोळे मिटले होते. काठी फळीवर पडत होती, एकसारखी, आणि तिचे ओठ हलत होते. तिच्यासाठी गाणं चालूच होतं. खुर्च्यांवरची माणसं बघत होती. मला बाजारातला तो मासळीचा ओटा आठवला. तिने आता डोळे उघडले तर पुन्हा तेच दिसणार होतं, सगळे गप्प आणि सगळे तिच्याकडे बघतायत. त्यानंतर ती कुठल्याच मंगळवारी घराबाहेर पडली नसती. मी फळीकडे निघाले, तिच्या हाताला हात लावून थांबवायला.

बाईंनी मान हलवली. नाही. आणि पहिली ओळ पुन्हा टाकली.

मी ती झेलली. मी झेलली म्हणून ड्रायव्हरने झेलली, मग सगळ्यांनी. फेर पुन्हा सुरू झाला. गाणं पूर्ण झालं, काठी चालूच. बाईंनी परत पहिली ओळ टाकली. तिसऱ्या वेळी खुर्च्यांवरची माणसं टाळ्या वाजवायला लागली, काही एकवर, काही दोनवर. चौथ्या वेळी माझे गुडघे बोलायला लागले आणि नऊवारीचा काष्टा सुटेल की काय असं वाटलं. टोपी बाईंच्या कपाळावर आली होती. मास्तरीणबाई चष्मा पुसत चालत होत्या.

मग आंटीने डोळे उघडले. आम्ही सगळे गात होतो, पाय घासत होतो, तिने सोडलं होतं तसेच. तिने बाईंकडे बघितलं. बाईंचा हात खाली आला. काठी थांबली, आम्ही थांबलो, एकदम. इतकं एकदम आम्ही सरावातही कधी थांबलो नव्हतो.

नंतर चहा आणि करी भरलेले पफ होते. आंटी फळीच्या कडेवर बसून उजवं मनगट चोळत होती. मी तिच्या शेजारी बसले, डाव्या कानाच्या बाजूला.

"लाँग, हां, टुडे," ती म्हणाली. "सरावात एवढं लांब नव्हतं."

मला खोटं बोलता येत नाही. "तू उशिरा थांबलीस," मी म्हटलं. "फोर टाइम्स लेट."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला ऐकू आलं नाही असं वाटून मी चार बोटं दाखवली. ऐकू आलं होतं. तिने खुर्च्यांकडे बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं, तो तोंडात पफ धरून घाम पुसत होता.

"मग मला कोणी थांबवलं का नाही?"

"काठी तुझ्या हातात," मी म्हटलं. "हू डेअर?"

ती हसली नाही. विचार करत होती. मग म्हणाली, कानाचं मशीन दाखवायला माझ्याबरोबर चल, तू मोठ्याने विचार, मला डॉक्टरांचं तोंड दिसत नाही, ते मास्क लावतात. आणि काठी माझ्याकडे दिली. वर घेऊन चल म्हणाली, तिचं मनगट दुखत होतं, आणि नीट धर, जमिनीला घासू नकोस.